दोन बोटांचं वेटोळं

खेमराज मेश्रामाच्या हातचं वेटोळं ज्यानं पाहिलं नाही, त्यानं टेलिफोन खात्यात राहून पाहिलं तरी काय, कप्पाळ! तार जोडून उरली की ती उजव्या हाताच्या दोन बोटांवर गुंडाळायची. पाच वेढे, एकाला एक चिकटून, जरा म्हणून फट नाही. मग मेण लावलेला दोरा घेऊन तीन ठिकाणी आवळायचा आणि गाठ अशी मारायची की ओढली तर हात सुटेल, गाठ नाही. एकदा एक मोठे अधिकारी गोंदियाच्या खांबावरचा डबा उघडून पाच मिनिटं नुसते पाहत उभे राहिले होते. खाली उतरून म्हणाले, "हे कुणी केलं? याला दाखवायला ठेवा." तेव्हापासून खेमराजच्या नाकाला जो शेंडा फुटला, तो बत्तीस वर्षांच्या नोकरीत पुन्हा खाली आला नाही. दुसऱ्याचं लोंबकळणारं काम पाहिलं की तो स्वतःच्या पदरचा दोरा खर्च करून बांधून यायचा आणि वर म्हणायचा, "वायर हाय का लुगडं? कायले वाऱ्यावर सोडलं?"

साठ वर्षं भरली आणि तो निवृत्त झाला. घरी बसून तीन महिन्यांत त्यानं घरातली प्रत्येक दोरी, प्रत्येक वायर, रुक्माबाईच्या शिलाईयंत्राचा पट्टासुद्धा बांधून काढला. रुक्माबाई म्हणजे त्याची बायको, जिभेची तिखट आणि मनाची सरळ. ती म्हणाली, "आता मलेच बांधून ठेवाचं राहिलं. कुठं काम पाहा जी तुमी!"

काम चालून आलं. ते साल दोन हजार बाराचं. एका कंपनीला गावोगावच्या ग्रामपंचायती काचेच्या तारेनं, म्हणजे फायबरनं, जोडायच्या होत्या आणि गोंदियाकडच्या बारा गावांचा आराखडा रुचि बिसेन नावाच्या पोरीनं केला होता. पोरगी सव्वीस वर्षांची, पोवाराच्या घरची, नागपुरात इंजिनिअर झालेली. बोलताना अर्धी हिंदी, अर्धी मराठी आणि मध्येच आजीची पोवारी. पण गणिताला बसली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. कंपनीनं तिला सांगितलं, जोडणीला नागपूरची शिकलेली पोरं घे. तिनं गावोगावचे जुने डबे उघडून पाहिले आणि म्हणाली, "मला हा माणूस पाहिजे. ज्यानं हे बांधलं तो."

खेमराज तिच्यासमोर जाऊन बसला तेव्हा तिनं आधी आराखडा समजावला. ही गोष्ट त्याला फार आवडली. आजवर कुणा साहेबानं त्याला आराखडा दाखवला नव्हता, फक्त खड्डा दाखवला होता.

"काकाजी, जुन्या तऱ्हेनं काय होतं? प्रत्येक गावात एक मशीन."

"होय ना जी. आन मशीनले चोवीस तास करंट."

"करंट गेला तर?"

"ब्याटरी. ब्याटरी उतरली का जनरेटर. जनरेटरले डिझल. डिझल आणाले मी." खेमराजनं कंबरेवर हात ठेवला. "पन्नास पन्नास किलोच्या ब्याटऱ्या वाहिल्या म्याडम. हे पाहा, वाकलो का कडकड वाजते."

"आणि मशीन तापतं म्हणून पंखा. पंख्यालाही करंट," रुचि हसत म्हणाली. "माझ्या आराखड्यात मोठं मशीन एकच, गोंदियात. गावात फक्त डबा. डब्यात काचेचा एक तुकडा. गोंदियाहून आलेला उजेड तो तुकडा वाटून देतो. त्याला ना करंट लागत, ना बॅटरी, ना पंखा. पंचायतीत शेवटी एक टिफिनएवढं यंत्र, तेही झिरोच्या बल्बाएवढंच खातं. छपरावर एक सोलरची पाटी ठेवली की झालं."

"म्हंजे लाइट गेली तरी लाइन चालू?"

"लाइट गेली तरी चालू."

आता आठ आठ तास लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, ते त्यालाच विचारा. खेमराजला त्या क्षणी ती पोरगी इतकी आवडली की पगार किती हे विचारायचंच तो विसरला. घरी गेल्यावर रुक्माबाईनं ते विचारलं आणि मग काय ऐकायला लागलं, ते सोडून देऊ.

नागपुरात चार दिवसांचं शिक्षण झालं. केसाएवढा बारीक काचेचा धागा, दोन टोकं यंत्रात ठेवून वितळवून जोडायची. खेमराजचा हात असा बसला की यंत्राच्या पडद्यावर त्याच्या जोडात उजेडाची घट जवळजवळ शून्य यायची. शिकवणाऱ्यानं हेही सांगितलं की उरलेला धागा मोठ्या वळणात ठेवा, फार वाकवू नका. खेमराजनं मान डोलावली. मनात म्हणाला, हे नवशिक्यांसाठी. ज्याचा हात कच्चा, त्याच्या हातून वाकवताना तुटणार. आपल्या हातून बत्तीस वर्षांत एक तार तुटली नाही. आणि आल्याबरोबर त्यानं काचेचा धागा घेतला, दोन बोटांवर पाच वेढे, मेणाचा दोरा, तीन ठिकाणी गाठ. डब्यात असं बसलं की रुचि पाहतच राहिली. तिनं मोबाइलवर फोटो काढला.

अडीच महिन्यांत बारा गावं झाली. कामठ्यापासून सुरू होऊन शेवटचं बेलाटोला. तिथले सरपंच भैयाजी मात्र नाराज होते. त्यांनी मशीन येणार म्हणून पंचायतीची चांगली खोली रंगवून घेतली होती, पंखा लावला होता, दारावर 'चपला बाहेर काढा' असं लिहून घेतलं होतं. आणि आला काय, तर भिंतीवर एक काळा डबा.

"याले लाल-हिरवे दिवे काऊन नाही?" भैयाजींनी विचारलं.

"लागत नाही जी."

"घर्र आवाज?"

"तोबी नाही."

"मंग चालू हाय का बंद, हे लोकाइले कसं समजंल? तिकडं दुसऱ्या कंपनीच्या गावात मशीन कसं घरघरते! पावणे पाहाले येतेत. आमच्याकडं पावणे कायले येतील, डबा पाहाले?"

खेमराजनं त्यांना समजावलं की यातच तर मजा आहे, न खाता न पिता राबणारा गडी तुम्हाला मिळाला. भैयाजींचं समाधान झालं नाही, पण त्यांनी पंखा तेवढा डब्याच्या दिशेनं फिरवून ठेवला.

आणि मग मोजणीचा दिवस आला. घ्या!

गोंदियाहून उजेड सोडला आणि रुचि मीटर घेऊन एकेका गावात निघाली. मीटर उणे आकडा दाखवतं. आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, आणि उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं की पंचायतीतल्या यंत्राला काही दिसत नाही. कामठ्यात उणे एकोणीस. छान. पुढच्या गावात वीस, मग एकवीस. सहाव्या गावात उणे पंचवीस. सातव्यात सव्वीस. आठव्या गावापासून यंत्र आंधळं. बेलाटोल्याला उणे तेहतीस! भैयाजी म्हणाले, "मी म्हटलं होतं, दिवे नाही." रुचिनं मीटर पिशवीत टाकलं.

गाव जितकं लांब, तितकी घट जास्त. याचा अर्थ शाळेतलं पोरगंही सांगेल की आराखडाच चुकला, उजेडाला एवढा दम नाही. जोडणीत दोष असता तर एखाद्याच गावाला फटका बसला असता. रुचिनं गणित तीनदा केलं. कागदावर बेलाटोल्याला उणे चोवीस येत होते. धागा उजेड नेमका कुठं खातोय ते दाखवणारं मोठं यंत्र नागपुरात एकच आणि ते महिनाभर दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेलं. शुक्रवारी नागपूरच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. सोमवारी ते बेलाटोल्याला स्वतः येणार. तोवर जमलं नाही तर मधल्या गावांत करंटवाली मशिनं बसवायची आणि शेजारच्या ज्या पाच तालुक्यांत रुचिच्याच आराखड्यानं काम चालू होतं, तिथंही तो गुंडाळायचा.

"चुकलं असेल माझं, काकाजी," रुचि म्हणाली. "उद्या संध्याकाळी पत्र लिहून टाकते. तुम्ही एक करा. सकाळी कामठ्याला जा. मशीन बसवायचं तर रिकामा धागा कोणता, तो लाल पेननं पाहून खूण करून ठेवा. तुमच्या जोडणीचा काही दोष नाही हं. तुमचे जोड म्हणजे सोनं आहे."

लाल पेन म्हणजे धाग्याच्या एका टोकातून लाल उजेड सोडायचं साधन. डब्यात जो धागा लाल दिसला, तो आपला. खेमराज शनिवारी सकाळी कामठ्याला गेला. सगळ्या रस्त्यानं तो मनातल्या मनात नागपूरच्या साहेबांना शिव्या देत होता. पुन्हा बॅटऱ्या, पुन्हा डिझेल. आणि ही एवढी गुणी पोरगी हात जोडून पत्र लिहिणार!

पंचायतीत डबा होता ती खोली आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. शिपाई बकारामनं ट्यूबलाइट लावून दिली. खेमराजनं पेन जोडलं, डबा उघडला आणि तेवढ्यात लाइट गेली.

"थांबा काकाजी, कंदील आणतो," बकाराम म्हणाला.

"नको आणू!" खेमराज ओरडला.

बकाराम दारातच थबकला. अंधारात डबा उघडा होता आणि डब्यात खेमराजचं वेटोळं लाल पेटलं होतं. धागा सरळ होता तिथं काही नाही, काळोख. पण वेटोळं मात्र लग्नातल्या दिव्यांच्या माळेसारखं लखलखत होतं. आणि जिथं जिथं मेणाच्या दोऱ्याची गाठ, तिथं तर निखारा.

"काय सुंदर दिसून राहिलं बाप्पा!" बकाराम म्हणाला.

खेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. बत्तीस वर्षं तारेत घालवलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. उजेड आत जायला पाहिजे, पुढच्या गावाला. तो बाहेर दिसतोय, म्हणजे तो सांडतोय. त्यानं नखानं एक गाठ सोडली. तिथला निखारा विझला. वेढे सैल केले, हात मोठा करून धागा मोठ्या गोलात धरला. सगळं काळं झालं. पुन्हा दोन बोटांवर गुंडाळलं. लाल. पुन्हा सोडलं. काळं. असं त्यानं चारदा केलं.

तांब्याच्या तारेला कितीही पिळा, करंट मुकाट्यानं जातो. ही काच होती. तिला फार वाकवलं की उजेड वळणावर बाहेर पडतो, एवढंच शिकवणारा सांगत होता. आणि बेलाटोल्याला पोहोचायला धागा वाटेतल्या अकरा डब्यांतून जातो. अकरा डबे, अकरा वेटोळी, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा सांडत सांडत. म्हणून तर गाव लांब तितकी घट जास्त! आराखड्यात खोट नव्हती. खोट या दोन बोटांत होती.

"काकाजी, बरं नाही का तुमाले? पाणी आणू?"

"आण," खेमराज म्हणाला आणि जमिनीवरच बसला.

घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात एक बेत शिजला होता. कुणाला सांगायचंच कशाला? आज दुपारी आणि उद्या दिवसभर गुपचूप अकराही डबे सैल करून टाकायचे. सोमवारी उजेड पोहोचेल. साहेब म्हणतील चमत्कार झाला. खेमराजचं नाव जिथल्या तिथं. त्यानं हे रुक्माबाईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"आन ती पोरगी आज पत्र लिहून राहिली ना?"

"हो."

"तिनं चुकलं म्हणून लिहून देल्लं, मंग तुमी डबे दुरुस्त केले. तिचं नाव तर गेलं ना वाहून?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुमच्या गुंडाळीपायी तिचं नुकसान कायले? उठा. भाकर आल्यावर खाजा."

गोंदियाच्या ऑफिसात रुचि खरोखरच पत्र लिहीत होती. खेमराज समोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला. म्हणाला, म्याडम, माझ्या हातानं तुमचं वाटोळं केलं. मला काढून टाका, पण ते पत्र फाडा.

रुचिनं लाल पेन घेतलं, टेबलावरचा एक धागा दोन बोटांवर गुंडाळला, ट्यूबलाइट बंद केली. लाल. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"म्हणजे गणित बरोबर होतं! काकाजी, गणित बरोबर होतं!" आणि मग एकदम हसू थांबलं. "अरे देवा."

"काय झालं?"

"तुमच्या त्या वेटोळ्याचा फोटो काढला होता ना मी? तो मी पाचही तालुक्यांच्या जोडणीवाल्यांना पाठवला. 'असं काम पाहिजे' म्हणून. खाली तुमचं नाव घालून. दोन महिने झाले."

आता बोला! खेमराजनं एक चूक केली होती, रुचिनं तिचं पाठ्यपुस्तक केलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाईटही वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"मी नवीन सूचना छापते," रुचि म्हणाली. "मोठं वळण ठेवा, दोरा बांधू नका. तुमचं नाव कुठं येणार नाही. वाकवू नका म्हणून शिकवलेलं मलाही होतं, तरी मीच दिपून गेले. दोष निम्मा माझा."

रविवारी दोघं तिच्या स्कुटीवरून निघाली. अकरा डबे उघडायचे, वेटोळी सोडायची, धागा मोठ्या गोलात ठेवायचा. दिसायला सोपं. पण खेमराजची बोटं काही ऐकेनात! बोलता बोलता नजर हटली की पाहावं तर दोन बोटांवर पाच वेढे तयार. पहिल्या डब्यातच तीनदा असं झालं. शेवटी त्यानं रुक्माबाईनं बांधून दिलेल्या डब्यातली वरणाची वाटी रिकामी केली, पुसली आणि धागा वाटीवर गुंडाळला. वाटी काढून घेतली की गोल बरोबर मोठा राही. त्या दिवशी वरण त्यानं रुचिच्या भातावर ओतलं आणि उरलेले दहाही डबे वाटीवरच केले. प्रत्येक डबा बंद करताना तो तोंड फिरवायचा. असलं ढिलं, लोंबतं काम आपल्या हातून झालेलं त्याला पाहवत नव्हतं.

सोमवारी बेलाटोल्याच्या पंचायतीत ही गर्दी. नागपूरचे साहेब आले, निकाल सगळ्यांसमोर द्यायचा म्हणून पाचही तालुक्यांचे जोडणीवाले बोलावलेले. भैयाजींनी सगळ्यांसाठी चिवडा आणि चहा ठेवला होता. दारावरची पाटी पाहून साहेबांसकट सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, तेवढ्यानंच भैयाजींचा अर्धा राग गेला.

रुचिनं मीटर लावलं. खेमराजनं डोळे मिटून घेतले.

"उणे चोवीस पॉइंट दोन," साहेबांनी मोठ्यानं वाचलं. त्यांनी मीटर झटकलं, पुन्हा लावलं. "चोवीस पॉइंट दोन. शुक्रवारी तेहतीस होते ना हो?"

"छोटीशी दुरुस्ती होती सर," रुचि पटकन म्हणाली. "झाली."

पंचायतीतला कॉम्प्युटर सुरू झाला आणि गोंदियाहून रुचिच्या ऑफिसातला पोरगा पडद्यावर दिसून हात हलवू लागला, तशी भैयाजींनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. खेमराजचा जीव भांड्यात पडला. सुटलो, त्याला वाटलं. पोरीचं नाव राहिलं, आपलंही राहिलं.

तो चहा घ्यायला कोपऱ्यात गेला. तिथं जोडणीवाले बसले होते. देवरीकडचा टिकाराम, पस्तिशीतला, त्याला पाहून उठला आणि वाकून पायाच पडला.

"काकाजी, तुमचा फोटो पाहून शिकलो. माह्या पोरालेबी दाखवला. हुबेहूब तसंच बांधतो मी, दोन बोटांवर."

"ती नवीन सूचना मिळाली ना तुमाले?" खेमराजनं घाबरत विचारलं. "म्याडमनं आता वाटली ते?"

"मिळाली ना," टिकाराम म्हणाला. चिवडा त्याच सूचनेच्या कागदावर घेतला होता त्यानं. "कागद तर येतच राहातेत जी. आज मोठं वळण, उद्या बारीक वळण. आमी तुमचं पाहून करतो. डोळ्यांनी पाहिलेलं सोडून कागदाचं कोण करते?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं तर खिशातून मेणाचा दोरा काढून दाखवला, अगदी प्रेमानं.

खेमराजचा चहाचा कप हातातच राहिला. तिकडे साहेब निघायच्या तयारीत होते. बोलला नसता तर काही बिघडत नव्हतं. त्याचं तर अजिबात नाही. पण ही पाच माणसं उद्या परत जातील आणि दोन बोटांवर गुंडाळत राहतील, त्याच्या नावानं. त्यानं कप खाली ठेवला.

"साहेब, थांबा जी जरा," तो म्हणाला. आवाज नको तितका मोठा निघाला. सगळे वळले. "दुरुस्ती छोटी नव्हती. चूक होती. आन चूक माही होती."

रुचि डोळ्यांनी नको नको म्हणत होती. त्यानं तिकडे पाहिलं नाही. शिपायाला सांगावं तसं त्यानं भैयाजींनाच सांगितलं, दारं लावा, ट्यूब बंद करा. लाल पेन लावून उरलेला एक धागा दोन बोटांवर गुंडाळला, दोऱ्यानं आवळला आणि हात वर केला. अंधारात वेटोळं लाल पेटलं.

"हे पाहा. हे माहं काम. बत्तीस वर्षं मी यावर फुगत राहिलो. हा उजेड बेलाटोल्याले जावाले पाहिजे होता, तो मी रस्त्यात सांडवला. अकरा जागी. आराखडा म्याडमचा बरोबर होता, पहिल्या दिवसापासून. फोटोत जे दिसते ना तुमाले, ते सुंदर हाय, पण ते चूक हाय. माह्या नावानं कोणी करू नका, बाबांनो."

दार उघडलं. खेमराजला वाटलं, आता हसतील. पण कुणी हसलं नाही. टिकाराम खाली मान घालून उभा होता. मग तो हळूच म्हणाला,

"काकाजी, माह्या लाइनीवरचे शेवटचे चार गावं बंद हायेत."

"काय?" साहेब म्हणाले.

"महिना झाला जी. मले वाटलं माहाच हात कच्चा. मी घरी बायकोलेबी नाही सांगितलं. जोड तोडतो, पुन्हा करतो, पुन्हा तसंच बांधतो." त्यानं हातातल्या सूचनेच्या कागदावरचा चिवडा झटकला. "म्हटलं, काकाजीचं चालते, आपलंच चालत नाही."

"माह्याकडं पाच," दुसरा म्हणाला.

"माह्याकडं तीन," तिसऱ्यानं दोरा खिशात ठेवत सांगितलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग बॅग उघडली आणि त्यातून कागदांचा एक गठ्ठा काढला. "अहो, म्हणूनच तर! तुमच्या पाच तालुक्यांतून बावीस मशिनांची मागणी आली आहे माझ्याकडे. प्रत्येक तालुक्याच्या ऑफिसानं लिहिलंय, उजेड पोहोचत नाही, करंटवालं मशीन द्या. बावीस मशिनं, बावीस बॅटऱ्या, बावीस जनरेटर! आज इथून गेल्यावर मी सही करणार होतो." त्यांनी गठ्ठा रुचिच्या हातात दिला. "बिसेन, हे ठेव तुझ्याकडे. आणि यांना कोण शिकवणार आता?"

सगळे खेमराजकडे पाहायला लागले. बत्तीस वर्षांत त्याच्याकडे इतक्या जणांनी असं कधी पाहिलं नव्हतं, त्या खांबावरच्या अधिकाऱ्यानंही नाही. त्याला रडू यायला लागलं आणि ते लपवायला तो खेकसला,

"पाहून काय राहिले? बसा खाली! तो दोरा आधी इकडं द्या. अन् भैयाजी, घरून सहा वाट्या मागवा जी."

"वाट्या कायले?" भैयाजींनी विचारलं.

"शिकवतो ना. मागवा तर!"